करिता रंगनाथ

प्रशिक्षणाचं पत्र आलं की आमच्या कार्यालयात एकेकाची अशी काही कामं निघायची की बघत राहावं. एकाची तपासणी, दुसऱ्याची वसुली, तिसऱ्याच्या मेव्हणीकडे बारसं. साहेब तर पत्राकडे बघायचेसुद्धा नाहीत. हात हवेत फिरवून म्हणायचे, "संपदाताई, बघा कुणाला तरी."

संपदाताई म्हणजे मी. एका सरकारी कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर एकवीस वर्षं बसलेय. तालुक्याचं नाव विचारू नका, सांगणार नाही. जिल्हा नाशिक, आणि नाशिकहून एसटीनं अडीच तास, एवढं पुरे. आणि साहेबांचं ते "कुणाला तरी" म्हणजे रंगनाथ, आमचा शिपाई. वयानं माझ्याहून सात वर्षांनी मोठा. तोंडावर मी त्याला रंगनाथभाऊ, तुम्ही, असंच म्हणते. पण माझ्या मनात तो नुसता रंगनाथ, आणि आज त्याच्याबद्दल बोलायचं तर तसंच बोलेन.

त्याला का पाठवायचं? तर तो गेला तरी कार्यालयाचं काही अडत नाही म्हणून. आपल्याकडे शिकायला कोण जातं? ज्याच्यावाचून अडत नाही तो. मग शिकून आल्यावर त्याचं ऐकणार कोण? पण हा शहाणपणा मला आत्ता सुचतोय. तेव्हा मी झटकन पत्र तयार करायचे आणि हाक मारायचे, "रंगनाथभाऊ, उद्या नाशिक!" तो मान डोलवायचा आणि विचारायचा, "वही नवी घेऊ की जुनीतली पानं पुरतील, ताई?"

वही! हा माणूस नववी पास. पण प्रशिक्षणाला गेला की पहिल्या रांगेत बसून शब्दन् शब्द उतरवून घ्यायचा. बाकीच्या तालुक्यांचे लोक सकाळी सही करून, जेवण उरकून मेनरोडला खरेदीला पसार. हा मात्र आभारप्रदर्शन होईपर्यंत बसून. तेही लिहून घ्यायचा, वेडा कुठला. वर्तमानपत्राचं वेष्टण घातलेल्या, शंभर पानी अकरा वह्या झाल्या होत्या त्याच्याकडे. घरी गेलं तर खुंटीखुंटीला प्रशिक्षणात मिळालेल्या कापडी पिशव्या. 'पाणी अडवा' लिहिलेल्या पिशवीत बाजरी, 'बदलते हवामान, सजग गाव' लिहिलेल्या पिशवीत लसूण.

आता यातली मेख सांगते. प्रत्येक पत्रात एक ओळ ठरलेली असायची, एकदा प्रशिक्षण घेतलेल्याचं नाव पुन्हा पाठवू नये. आमच्या हाताखाली त्रेचाळीस गावांचे त्रेचाळीस ग्रामसेवक. म्हणून मी दर वेळी एका नव्या ग्रामसेवकाचं नाव लिहायचे आणि रंगनाथला पाठवायचे. तिकडे हजेरीपटावर त्या ग्रामसेवकाचं नाव छापलेलं. रंगनाथनं कधी कुणाची खोटी सही ठोकली नाही हं. तो नावासमोर आधी 'करिता' लिहायचा आणि मग स्वतःची सही करायचा. सरकारी कागदावर ही रीतच आहे. साहेब जागेवर नसले की खालचा माणूस 'करिता' लिहून सही करतो. म्हणजे मी तो नव्हे, त्याच्यासाठी आलोय. रंगनाथनं आपला प्रामाणिकपणा असा कागदावर लिहून ठेवला होता. पण नाशिकच्या संगणकात 'करिता'ला रकानाच नव्हता. तिथे नुसतं नाव आणि पुढे 'प्रशिक्षित: होय'.

सहा वर्षांत त्रेचाळीस प्रशिक्षणं झाली. गावाच्या पाण्याचा ताळेबंद, वीज पडण्यापासून बचाव, गारपिटीचे पंचनामे, गावात धोका कुणाला जास्त त्याचा नकाशा. त्रेचाळीस नावं संपली आणि कागदावर आमचा तालुका शंभर टक्के शिकून मोकळा झाला. शिकला होता एकटा रंगनाथ.

त्याच्या घरचंही सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्याची बायको, गोदावरीवहिनी, चार वर्षांपूर्वी अर्धांगाच्या झटक्यानं पडली. उजवी बाजू गेली. रंगनाथ रोज एक वाजता घरी जायचा, तिला भरवायचा, कूस बदलून द्यायचा आणि दोनच्या ठोक्याला कार्यालयात हजर. घर पंधरा मिनिटांवर, म्हणून हे जमायचं. नोकरीची दोन वर्षं उरली होती. त्याचं देवाकडे एकच मागणं, "ही दोन वर्सं इथंच निघू दे. बाकी कायबी नको."

आणि आता माझं सांगते. सांगावंसं वाटत नाही, पण सांगते.

प्रत्येक प्रशिक्षणाहून आला की दुसऱ्या दिवशी वही घेऊन तो माझ्या टेबलाशी उभा राहायचा. "ताई, लय कामाचं सांगितलंय. पाच मिन्टं देता का? ग्रामसेवकांच्या ग्रुपवर टाकू." त्याला टाइप करायला जमायचं नाही आणि त्या व्हॉट्सअप ग्रुपवर शिपायाला घेतलेलंही नव्हतं. मी म्हणायचे, "ठेवा तिथे. बघू." कधी बघितलं नाही. गेल्या वर्षी मार्चच्या चौदा तारखेला तो असाच उभा राहिला. उष्माघाताचं प्रशिक्षण करून आला होता. नाव कुणाचं? तर सावरटेकचे ग्रामसेवक राकेश यांचं. वहीचं पान उघडून म्हणाला, "ताई, एवढी एकच ओळ टाका. आधी गार करा, मग न्या." मार्चअखेर होती. टेबलावर फायलींचा ढीग, साहेब आतून ओरडत होते, आणि मी रंगनाथवर खेकसले, "अहो, माझं डोकं गार करा आधी! दिसत नाही का?" आजूबाजूचे हसले. तोही कसंनुसं हसला आणि वही मिटून गेला.

एप्रिलच्या सत्तावीस तारखेला सावरटेकला सुलाबाई गेली.

चिमाजींच्या वावरात कांदा काढणी चालली होती. बारा बाया होत्या. सुलाबाई त्यांतली वयानं थोरली, बावन्न-त्रेपन्नची. ऊन असं की पायाखालची माती पोळत होती. दुपारी एकच्या सुमाराला ती उठून उभी राहिली, काहीतरी असंबद्ध बोलली आणि सरीतच कोसळली. शेजारी नसीम कांदे कापत होती. हे सगळं तिनंच पुढे आमच्यासमोर सांगितलं, आणि सांगताना आपलेच हात दाखवत होती. "ह्या हातांनी धरलं तिला. अंग नुस्तं तव्यावानी. घाम नाय, काय नाय. मंग आमी तिला पत्र्याच्या खोलीत नेली, सावली म्हनून. तोंडात पाणी घातलं तर नाकातून आलं."

पत्र्याची खोली म्हणजे भट्टीच. आणि बाहेर दहा पावलांवर विहिरीचं गार पाणी, पाइपातून धो धो हौदात पडत होतं. एकीनं पाइप ओढलासुद्धा. तर बाकीच्यांनी तिला अडवलं. "तापल्या अंगावर गार पाणी नको टाकू, झटका बसंल!" आपल्याकडे हे लहानपणापासून ऐकवतात ना, उन्हातून आल्यावर लगेच पाणी अंगावर घेऊ नका म्हणून. मीही माझ्या लेकीला तेच सांगत आले. त्या बायांनी काही वाईट चिंतलं नव्हतं. जिवापाड धडपडल्या बिचाऱ्या.

राकेश दहा मिनिटांत मोटरसायकलवर आला. माणूस चांगला, फोन केला की धावणारा. पण त्याला तरी काय ठाऊक? त्यानं सुलाबाईला गाडीवर मधे बसवलं, मागून नसीमनं धरलं, आणि त्या रणरणत्या उन्हात चौदा किलोमीटरवरच्या दवाखान्याकडे निघाला. चटके लागू नयेत म्हणून तिच्या अंगाभोवती जाड चादर गुंडाळली होती. सुलाबाई वाटेतच गेली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एकच विचारलं, "पाणी नाही का टाकलंत अंगावर?"

राकेशच्या सेवापुस्तकात मात्र नोंद होती, उष्माघात व्यवस्थापन प्रशिक्षण पूर्ण.

बातमी आली तेव्हा रंगनाथ साहेबांना चहा देत होता. ट्रे खाली ठेवून तो सरळ माझ्या टेबलाशी आला, वही उघडली, आणि त्याच पानावर बोट ठेवून उभा राहिला. आणि मी काय केलं माहितेय? मी चिडले. "मी काय करू आता? माझ्याकडे काय बघताय?" असं म्हणाले. लाज वाटते हो मला. माणूस स्वतःवर चिडला की समोरच्यावरच ओरडतो.

तो हळूच म्हणाला, "तुमच्याकडं नाय बघत, ताई. हे शिक्षण राकेशभाऊच्या नावाचं व्हतं. माझ्या पोटात राह्यलं. त्या बाईपोतर गेलंच नाय."

सुलाबाईच्या दहाव्याला तो गेला. त्यानंतर दर रविवारी सायकल हाणत एकेका गावात जायला लागला. पारावर, गिरणीपाशी, चार माणसं दिसली की वही काढायची. लोक म्हणायचे, "तू शिपाई ना रे? मंग तू कशाला सांगतोस?" शिपायाच्या तोंडून लोक ऐकत नाहीत. लोकांना साहेब लागतो, नाहीतर ग्रामसेवक तरी.

नोव्हेंबरात ते पत्र आलं. जिल्ह्यासाठी हवामान बदलाचा आराखडा करायचं काम नाशिकच्या एका संस्थेला मिळालं होतं. कुठल्या गावाला कशाचा धोका, आणि त्याला तोंड द्यायला काय करायचं, असा तो आराखडा. पण त्याआधी त्यांना एक गोष्ट हवी होती. हे काम ज्यांनी करायचं त्यांना काय येतं आणि काय येत नाही? कोणत्या प्रशिक्षणाची गरज आहे? सोबत चार पानी तक्ता. आपल्या गावात उन्हाचा धोका सर्वांत जास्त कुणाला, हे आपल्याला मांडता येतं का? उष्माघात झाल्यास पहिली कृती कोणती? असे प्रश्न. खरं सांगते, मला त्यांतल्या एकाचंच उत्तर येत होतं, तेही सुलाबाई गेल्यावर.

साहेबांनी तक्ता पाहिलाही नाही. "निरंक पाठवा," म्हणाले.

निरंक हा आमचा लाडका शब्द. काही नाही, शून्य, विषय संपला. तक्रारी किती? निरंक. प्रलंबित किती? निरंक. निरंक पाठवलं की पुढची विचारणा येत नाही. शिवाय शंभर टक्के प्रशिक्षित तालुका म्हणून साहेबांचं नाव कौतुकाच्या यादीत होतं.

रंगनाथ दाराशी उभा होता. तो आत आला. सहा वर्षांत पहिल्यांदा तो न बोलावता साहेबांच्या टेबलापुढे गेला असेल. "साहेब, निरंक नका लिहू. गरज हाय. समद्यांना हाय. पुढला उन्हाळा यायच्या आत शिकवलं पायजे."

साहेब हसले. "तुमची दोन वर्षं राहिलीत ना, रंगनाथ? सुरगाण्याकडे एक जागा रिकामी आहे म्हणतात. हवा छान आहे तिकडची." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "यादी पडताळणीला नाशिकला बैठक आहे. तुम्ही रेकॉर्ड घेऊन जा. आणि माझ्याकरिता यांनाच न्या, यांना सवय आहे."

ऐकलंत ना? शिक्षण कुणाला हवंय ते ठरवायची बैठक, आणि तिलाही साहेबांच्या जागी रंगनाथच.

डिसेंबरातल्या थंडीत सकाळच्या गाडीनं आम्ही दोघं निघालो. माझ्या पर्समध्ये निरंकचा अहवाल, साहेबांच्या सहीचा. रंगनाथच्या मांडीवर दोन पिशव्या, अकरा वह्यांनी गच्च भरलेल्या. येवला मागे पडेपर्यंत तो त्या पिशव्या सावरत होता. मग म्हणाला, "ताई, हिला सुरगाण्याला नेलं, आन् घर लांब मिळालं, तर दुपारी भरवायला कोन यील?" मी म्हणाले, "मग गप्प बसा ना, रंगनाथभाऊ. कुणी विचारलंय तुम्हाला?" तो खिडकीबाहेर बघत राहिला. शेतात कांद्याची लागण चालली होती, बाया ओळीनं वाकलेल्या. "त्येच बघतोय," म्हणाला. "कुनी इचारलंच नाय अजून."

त्र्यंबक रोडवरच्या त्या सभागृहात सगळ्या तालुक्यांचे लोक आले होते. बैठक घेणारी त्या संस्थेची मुलगी तेजश्री, माझ्या लेकीएवढी, पायात साध्या चपला. पण बोलणं स्वच्छ. पडद्यावर तिनं यादी लावली. एकेका तालुक्यात किती जण शिकलेत, त्यावरून या वर्षी कुठे किती प्रशिक्षणं द्यायची. आमच्या तालुक्यासमोर लिहिलं होतं त्रेचाळीसपैकी त्रेचाळीस. पुढे, गरज शून्य.

"हा आदर्श तालुका," ती म्हणाली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या चालू असतानाच रंगनाथ उठला. मी त्याच्या शर्टाचं टोक धरून खाली ओढलं. खरंच ओढलं. त्यानं माझा हात सोडवला, अगदी अलगद.

"म्याडम, ती यादी चुकलीय. त्या त्रेचाळीस नावांमागं एकच मानूस हाय."

"कोण?"

"मी. शिपाई रंगनाथ."

सभागृहात असा हशा पिकला की विचारू नका. मागून कुणीतरी शिट्टीसुद्धा मारली. कारण सगळ्यांनाच ठाऊक होतं. प्रत्येक तालुक्याचा आपापला रंगनाथ त्या खुर्च्यांवर बसलेला होता.

"हासू नका," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "एक बाई मेली ह्याच्यापायी. सुलाबाई नाव तिचं. हौदात गार पाणी व्हतं. दहा पावलांवर. कुनालाच ठावं नव्हतं, आधी गार करायचं, मंग न्यायचं. मला ठावं व्हतं. मी पहिल्या रांगेत बसून लिव्हून घेतलं व्हतं. तिथल्या ग्रामसेवकाच्या नावावर."

तेजश्रीनं विचारलं, "याचा काही पुरावा?" तो म्हणाला, "तुमचे हजेरीपट काढा. समदीकडं करिता लिव्हलंय."

तिनं खोकं मागवलं. दहा-बारा हजेरीपट उलटले, मग आणखी काढले. प्रत्येकावर तेच ते अक्षर. करिता. करिता. करिता. तिनं ते कागद बाजूला ठेवले. मग संगणकाशी गेली, आमच्या तालुक्यासमोरचा त्रेचाळीस आकडा खोडला आणि शून्य लिहिलं. मग रंगनाथकडे पाहिलं, आणि शून्य खोडून एक लिहिला.

त्यानंतर तिनं माझ्याकडे हात केला. "ताई, तुमचा लेखी अहवाल?" पर्समधला निरंकचा कागद माझ्या बोटांना लागला. मी म्हणाले, "आणला नाही. विसरले." एवढंच धैर्य होतं माझ्यात. तेही उसनंच.

प्रशिक्षण मंजूर झालं. फेब्रुवारीत, आमच्याच तालुक्यात, त्रेचाळीस जणांना, आणि आदेशात ठळक लिहिलेलं की स्वतः हजर राहावं, प्रतिनिधी चालणार नाही. पण त्याच्या आधी दुसरा कागद आला. रंगनाथला कारणे दाखवा नोटीस. आरोप काय? सहा वर्षं प्रशिक्षणं घेऊन त्याची माहिती त्यानं कार्यालयाला दिली नाही, आणि त्यामुळे जीवितहानी झाली. म्हणजे सगळं खापर शिपायाच्या डोक्यावर! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण जावक क्रमांक मलाच टाकावा लागला.

उत्तर लिहून द्यायला तो माझ्याकडेच आला. कार्यालय सुटल्यावर, सहाच्या सुमाराला. मी संगणक चालू केला.

"लिव्हा," तो म्हणाला. "माझी चूक झाली. मी सांगायला कमी पडलो."

"अहो, कमी पडलो काय? दर वेळी येऊन उभे राहत होतात! मार्चच्या चौदा तारखेला मी तुम्हाला हाकलून दिलं!"

"ते नका लिव्हू."

"का नको?"

"तुमची लेक शिकतीय, ताई. नोकरीला डाग नको. मला आता दोन वर्सं राह्यली, माझं काय." आणि मग तो म्हणाला, "त्या दिवशी तुमच्याकडं खरंच लय काम व्हतं. मी बघितलं ना."

त्यानं सांगितलं तसं मी टाइप केलं. त्यानं सही केली आणि घरी भरवायला गेला. मी घरी आले, ताट पुढे ओढलं आणि तसंच बाजूला सारलं. लेकीनं विचारलं तर तिच्यावरही डाफरले.

सकाळी सगळ्यांच्या आधी कार्यालयात गेले. कोरा कागद घेतला आणि हातानं लिहिलं. दिनांक चौदा मार्च रोजी श्री. रंगनाथ यांनी उष्माघाताची माहिती गावोगाव कळवण्यासाठी माझ्याकडे आणली. त्याआधीही प्रत्येक वेळी आणली. मी ऐकली नाही. प्रशिक्षणासाठी प्रत्यक्ष कोण जातं आणि नाव कुणाचं जातं हे मला माहीत होतं, कारण ती पत्रं मीच तयार करत होते. खाली माझं पूर्ण नाव लिहिलं, पदनाम लिहिलं आणि सही केली. रंगनाथच्या उत्तराला जोडून वर पाठवून दिलं. जावक क्रमांकही मीच टाकला.

तुम्हाला वाटेल यानं तो वाचला असेल. छे! माझ्या सेवापुस्तकात ताकीद आली, ती आली. साहेबांना साधी विचारणासुद्धा झाली नाही. आणि रंगनाथची बदली झालीच, सुरगाण्याकडच्या एका आडगावी, प्रशासकीय कारणास्तव. जानेवारीच्या शेवटी टेम्पोत एक खाट, दोन पेट्या आणि त्या साऱ्या छापील पिशव्या चढल्या. गोदावरीवहिनीला त्यानं उचलून पुढच्या सीटवर बसवलं. तिनं डाव्या हातानं माझा हात धरला आणि काहीतरी बोलली. मला कळलं नाही. रंगनाथ म्हणाला, "ती म्हनती, पोळ्या खायला या तिकडं." अकराच्या अकरा वह्या त्यानं माझ्या टेबलावर ठेवल्या होत्या.

त्या वह्या मी सगळ्या वाचल्या. 'आधी गार करा, मग न्या' हे मी त्या दिवशीच ग्रुपवर टाकलं, दहा महिने उशिरा. सुलाबाईला त्याचा काय उपयोग? खाली बावीस जणांचे अंगठे आले. वाचलं किती जणांनी, देव जाणे.

आणि मग फेब्रुवारीतलं ते प्रशिक्षण. त्रेचाळीस जणांना मी स्वतः फोन केले, दोन-दोनदा. कुणी गोड बोललं, कुणी म्हणालं, "ताई, पाठवतो ना कुणाला तरी." "कुणाला तरी नाही," मी ओरडले, "तुम्ही या! तुम्ही!" सकाळी दहा वाजता सभागृहात खुर्च्या मांडून बसले. साडेदहापर्यंत दाराकडे बघून मान अवघडली. राकेश सगळ्यांच्या आधी आला होता. पहिल्या रांगेत, शंभर पानी नवी वही घेऊन. सुलाबाई गेल्यापासून तो कुणाशी धड बोलत नाही. त्या दिवशी मात्र सगळं लिहून घेतलं. चादर ओली करून अंगाभोवती कशी धरायची हे तेजश्रीनं दाखवायला सुरुवात केली, तर तो उठून म्हणाला, "माझ्यावर दाखवा," आणि जमिनीवर आडवा झाला. मी शेवटच्या रांगेत बसले होते. माझं नाव यादीत नव्हतं, तरी बसले आणि शिकले.

संध्याकाळी रंगनाथला फोन लावला. त्याच्याकडे रेंज येत-जात होती. मागे भांड्यांचा आवाज, तो वहिनीला भरवत होता.

"झालं का, ताई? कोन कोन आलं?"

मला सांगवेना. ज्यासाठी हा माणूस आजारी बायकोला घेऊन डोंगरात जाऊन बसला, त्याचं हे असं फळ. "काय सांगू रंगनाथभाऊ," म्हणाले, "त्रेचाळीसमधले फक्त नऊ आले. नऊ!"

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग तो वहिनीला सांगत असलेला ऐकू आला, आनंदानं, जवळजवळ ओरडूनच.

"ऐकलं का गं? नऊ जन आले! नऊ!" आणि मग मला म्हणाला, "लय झाले की, ताई. आजपोतर एकच जन जात व्हता."